मूर्ती विकली, साचा नाही

एकदा एक वृद्ध मूर्तिकार चुकला, आणि दोष सर्वस्वी त्याचाच होता. पांढऱ्या केसांकडे बघून तो दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचं कारण नाही.

त्याच्या कारखान्यात एक शिष्या होती. आजवर ती गुरूच्याच साच्यातून गणपती काढत आलेली. त्या वर्षी तिने प्रथमच स्वतःच्या कल्पनेतला गणपती शाडूत हाताने घडवला: उंदराला मांडीवर घेऊन त्याच्या पायातला काटा काढणारा. बघणारा आधी हसायचा, मग हात जोडायचा. तिने त्यावरून साचाही करून ठेवला. यंदा चतुर्थीला हाच गणपती आपल्या नावावर विकायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

एका व्यापाऱ्याने ती मूळ मूर्ती विकत घेतली. तिच्यावर रुमाल टाकून तो निघाला, तेव्हा म्हातारा चार माणसांदेखत मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "शेठ, आता ही तुमची. काय हवं ते करा!" शिष्येला विचारावं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

श्रावणात ती बाजारात गेली, तर व्यापाऱ्याच्या फळीवर तिचाच गणपती ओळीने मांडलेला!

"शेठ, मूर्ती घेतलीत. तिच्यावरून साचा काढायला कुणी सांगितलं?"

"तुझ्या अण्णांनी! काय हवं ते करा म्हणाले. जा, विचार."

ती तणतणत परतली. "अण्णा, जीभ तुमची आणि गणपती माझा! दानशूर व्हायचं तर स्वतःच्या घरातलं वाटायचं होतं!"

म्हातारा तडक उठला. माळ्यावर चढून त्याने आपला सर्वांत जुना साचा खाली काढला. त्या साच्यातला गणपती गावात घरोघरी बसे. तो डोक्यावर घेऊन म्हातारा थेट दुकानात गेला, शिष्या मागोमाग.

"शेठ, हा ठेवा. यापुढे याच्या मूर्ती तुम्हीच काढायच्या, मी नाही. पोरीच्या गणपतीवरून काढलेला साचा आणि फळीवरच्या मूर्ती द्या."

"अण्णा, चेष्टा करताय?"

"चेष्टा त्या दिवशी केली."

व्यापाऱ्याने दोन्ही हातांनी साचा घेतला आणि तिचं तिला परत केलं.

वाटेत ती म्हणाली, "वेड लागलंय का तुम्हाला?"

म्हातारा म्हणाला, "मूर्ती विकत घेणाऱ्याला ती पुजण्याचा, मिरवण्याचा, कुणाला देऊन टाकण्याचाही अधिकार मिळतो. तशीच दुसरी घडवण्याचा अधिकार मात्र जिने ती कल्पिली तिच्यापाशीच राहतो. तो हवा असेल तर तिच्याकडे निराळा मागावा लागतो. जे माझं नव्हतंच, ते मी देऊन बसलो. ते सोडवायचं, तर माझं काहीतरी जायला हवं."

"एवढं शहाणपण त्या दिवशी कुठे होतं?"

"त्या दिवशी चार माणसं बघत होती गं."

तिला खुदकन हसू फुटलं. मग म्हाताराही हसत सुटला, इतका की रस्त्यातले लोक थांबून पाहू लागले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यात उभं राहायला जागा नव्हती. पोरं आयांचे पदर ओढत होती, "काटा काढणारा बाप्पा हवा!" आणि शिष्या सोंडेला शेवटचा हात फिरवत ओरडत होती, "थांबा रे, ओला आहे अजून!"

म्हाताऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या त्या जुन्या साच्यातलाच गणपती बसायचा. त्या वर्षी तो त्याला व्यापाऱ्याच्या दुकानातून विकत आणावा लागला.