तात्यासाहेबांचं मरण

मंडईचे सभापती तात्यासाहेब स्वतःच हिरो झाले आणि गाळेवाल्यांच्या वर्गणीतून सिनेमा काढून बसले. पहिला खेळ संपताच दारात उभे राहून एकेकाला विचारू लागले, "कसा वाटला?"

गाळेवाले पेचात पडले. वाईट म्हणावं तर गाळा जाणार, चांगला म्हणावं तर दुसऱ्या भागासाठी पुन्हा वर्गणी! सगळ्यांनी बांगडीवाल्या चंद्राक्काला पुढं ढकललं.

ती म्हणाली, "तात्यासाहेब, शेवटी तुम्ही असे मेलात, की मी पदरानं डोळे पुसले. आता दुसऱ्या भागात उठून बसलात, तर लोक म्हणतील, ते मरण खोटंच होतं."

तात्यासाहेबांनी छाती फुगवली. "खरंय! दुसरा भाग रद्द!"

बाहेर शेजारणीनं विचारलं, "अक्का, खरंच रडलीस?"

"रडले तर! वर्गणीच्या धास्तीनं."