गाडग्यातली मूठ

माडबंदर हे खाडीच्या तोंडाशी वसलेले मिठागरांचे गाव. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महाराज तिथल्या सोमजाईच्या देवळात येऊन राहिले. महाराज जेवणात मीठ घेत नसत, म्हणून लोक त्यांना अळणी महाराज म्हणत. मिठावर जगणाऱ्या गावात देवाने नेमका हाच पाहुणा धाडावा, याची गावकऱ्यांना मोठी गंमत वाटे. महाराजही हसत आणि पुढ्यात येईल ती बिनमिठाची पेज आनंदाने पीत.

त्या गावात आवडा नावाची एक भोळी बाई होती. नवरा गलबतावर खलाशी. खाडीकाठच्या बायका पावसाळ्याआधी तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा असे सगळे घरात भरून ठेवतात; त्या बेगमीला तिकडे आगोट म्हणतात. एकदा समुद्र खवळला आणि माणसे-माल खाडीपार नेणारी होडी, म्हणजे तर, बंद झाली, की बाहेरून दाणा येत नाही. घरात असेल तेवढ्यावर नारळी पौर्णिमा गाठायची. आवडाचा नवरा त्या वर्षी वेळेवर परतलाच नाही. आगोट जेमतेम अर्धी झाली, आणि लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बिचारीच्या डोळ्याला डोळा लागेना.

ती देवळात गेली आणि म्हणाली, "महाराज, जीव थाऱ्यावर न्हाय. कायतरी मंत्र द्या."

महाराज म्हणाले, "चूल पेटवशील तेव्हा तांदूळ धुण्याआधी एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकत जा. ती मूठ तुझी नाही, देवाची. देव मागायला आला की देऊन टाक."

"येवढंच?"

"एवढं निभावलंस तरी पुष्कळ झालं."

ही गोष्ट विहिरीवर पोचायला कितीसा वेळ लागणार! आवडाची थोरली जाऊ लाडूबाई शेजारच्याच घरात राहायची. तिचा नवरा विठू तांडेल स्वतःच्या मचव्याचा मालक, आणि पडवीतली भाताची कणगी आढ्याला टेकलेली. सगळ्या बायकांदेखत ती म्हणाली, "आमच्या आवडीला गुरुमंत्र गावला गो! लोकांना रामनाम मिळतं, हिला तांदूळ मिळाला. तो पण हिच्याच घरचा!"

बायका खो खो हसल्या. आवडाने मान खाली घातली आणि कळशी उचलली.

लाडूबाईच्या घरी मापटे म्हणून नव्हतेच. हात घालावा, वरून भात उपसावा, कांडावा, रांधावा. उरला तर कावळ्यांना. "मापून खायला आम्ही काय भिकारी हाव?" असे ती येताजाता ऐकवी. आवडा मात्र करवंटीने तांदूळ मोजून घ्यायची, हात जोडायची आणि त्यातली एक मूठ गाडग्यात टाकायची.

आषाढ लागला. समुद्र गरजू लागला, खाडीतली तर बंद झाली. आवडा रोज तांदळाच्या मडक्यात डोकावून पाही. मडके उतरत होते, गाडगे चढत होते, आणि चढणारे तिचे नव्हते! मंजुळाच्या पानात वाढता यावे म्हणून ती आपला घास कमी करू लागली. लेकीने विचारले की म्हणे, "माझी आज एकादशी हाय." भाविकहो, त्या आषाढात आवडाच्या घरी इतक्या एकादशा आल्या, की पंचांगालाही त्यांचा पत्ता नव्हता.

अखेर मडके रिकामे झाले. आवडा भर पावसात देवळाची टेकडी चढली. "महाराज, पोरीचे दिवस भरलेत. गाडग्यातले तांदूळ घेऊ का?"

महाराजांनी विचारले, "कोणाचे ते?"

"देवाचे."

"मग देव मागायला येईपर्यंत थांब."

"आणि न्हायच आला तर?"

 महाराज डोळे मिटून बसून राहिले. आवडाला वाटले, ज्यांचा आधार धरला त्यांनीच हात सोडला. टेकडी उतरताना ती हमसून हमसून रडली. संतांच्या मनातले त्या घडीला कुणाला कळते!

घरी पोचते तो मंजुळाला कळा सुरू झालेल्या. शेजारणीने सुईणीला आणले होते. सकाळ गेली, दुपार झाली, तरी सुटका होईना. सुईण आतून ओरडली, "आवडे, पोरीच्या अंगात जोर न्हाय. पेज टाक लवकर!"

आवडा चुलीपुढे बसली. गाडगे पुढ्यात होते. आतून लेक कण्हत होती. शेवटी तिचा हात गाडग्याकडे गेला. तेवढ्यात मागल्या दारी कुणीतरी हाक मारली. "आवडे..."

दारात लाडूबाई! डोईवरचा पदर भिजलेला, हातात रिकामे सूप, कडेवर धाकटी पोर मान टाकून पडलेली. उधाणाचे पाणी पडवीच्या जमिनीत मुरले होते आणि कणगी खालून कुजून गेली होती. वरून उपसणाऱ्या घराला ते कळलेच नाही. वरचा भात संपला तेव्हा खाली नुसती काळी बुरशी. गावात हसे होईल म्हणून विठू तांडेलाने दाराला कडी घातली आणि सगळे घर उपाशी बसले होते. पोरीने मान टाकली, तेव्हा कुठे आई उठली.

"मूठभर असले तर दे गो," लाडूबाई म्हणाली. विहिरीवरचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता.

आवडाला उमगले. देव मागायला आला होता, आणि आला तो जावेच्या रूपात! आतून सुईण पुन्हा ओरडली.  अर्धे ठेवून घेतले असते तरी तिला कोण बोलणार होते? पण ते तिचे नव्हते. "महाराज, माझ्या पोरीला बघा," एवढेच ती म्हणाली आणि तिने अख्खे गाडगे सुपात पालथे केले. बुडाला चिकटलेले दाणेही बोटाने निपटून दिले.

लाडूबाईने सुपाकडे पाहिले. गाडग्याकडे पाहिले. आतले कण्हणे तिला आता ऐकू आले. ती दचकून म्हणाली, "आणि मंजुळेच्या पेजेला?"

 आवडाचे डोळे भरून वाहत होते.

लाडूबाईने पोर खाली ठेवली, सुपातली एक मूठ भरून घेतली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा तिने ती मूठ गाडग्यात टाकली. आणि काय नवल सांगावे! त्या एका मुठीने गाडगे काठोकाठ भरले. आवडाने त्यातून पेजेपुरते तांदूळ काढले, तरी ते भरलेलेच! दोघी जावा एकमेकींकडे बघतच राहिल्या. पेजेचे चार घोट पोटात गेले आणि दिवेलागणीआधी मंजुळा सुटली. मुलगी झाली.

ते गाडगे नारळी पौर्णिमेपर्यंत दोन्ही घरांना पुरले. त्या दिवशी खाडीतली तर पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच खेपेला आवडाचा नवरा सुखरूप उतरला. परक्या बंदरात अडकून पडला होता, एवढेच. त्याने भाताची पोती घरात आणली, आणि गाडगे साध्या गाडग्यासारखे रिकामे झाले.

लाडूबाई मात्र बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी टेकडी चढली होती. महाराजांपुढे तिला तोंड वर करवेना. "महाराज, मी तुमच्या मंत्राला हसले. मला पण द्या तो."

महाराज म्हणाले, "बये, तो तू कालच म्हटलास. देवाने गाडगे उघडे ठेवले होते ते तुझ्या मुठीसाठी."

तेव्हा लाडूबाईने पायांवर डोके ठेवले आणि तिचा बांध फुटला. ती उठेना, आसवे थांबेनात. महाराजांचे दोन्ही पाय भिजले. तिच्या डोक्यावर हात ठेवून महाराज हसत म्हणाले, "पुरे, पुरे, लाडूबाई! आम्हांला मीठ चालत नाही."