पाण्याखालचा हात

"सगळं तोंडपाठ आहे उस्ताद, मग ॲसिडला मला हात का लावू देत नाही?"

हेरंबने हे विचारलं ती पौषातली सकाळ होती. येवल्यात दस्तगीर उस्ताद रेशीम रंगवायचे. हेरंब रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून चार महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे शिकायला आला होता.

उस्तादांनी ओसरीवरच्या कॅनकडे बोट केलं. "त्याला काय झालंय?"

हेरंबने न अडखळता सांगितलं. शुद्ध ॲसिटिक ॲसिड थंडीत गोठतं, साडेसोळा अंशांच्या आसपास. कॅन कोमट पाण्यात ठेवायचा, आगीपासून लांब, कारण वाफ पेट घेते. मग पाण्यात ॲसिड ओतायचं. ॲसिडात पाणी कधीच नाही.

"आणि अंगावर पडलं तर?"

"भाजतं. कधी कधी उशिरा कळतं."

उस्तादांनी हातमोजे आणि चष्मा त्याच्यापुढे सरकवला.

"आज तू कर," ते म्हणाले.

आत भट्टीवर कुणाच्या तरी लग्नातल्या शालूचं रेशीम होतं. डाळिंबी पाण्यात उस्ताद लडी फिरवत होते. पातळ केलेलं ॲसिड थोडं थोडं पडलं की रंग धाग्यात उतरणार होता.

बाहेर कोमट पाण्यात ठेवलेल्या कॅनमधलं ॲसिड वितळल्यावर हेरंबने चष्मा लावला, हातमोजे चढवले. पण जाड मोज्यांत झाकण काही सुटेना. उस्ताद वाट पाहत असतील, या घाईत त्याने उजवा मोजा काढून टाकला.

कॅन कलला. मनगटावरून काहीतरी गार ओघळून बाहीत शिरलं.

त्याने ते सदऱ्याला पुसलं. लागेल तेवढं ॲसिड प्लास्टिकच्या मगातल्या पाण्यात नीट ओतलं आणि तो मग घेऊन आत गेला. दुखत तर नव्हतं. पहिल्याच दिवशी चुकलो, हे सांगायला मात्र जीभ उचलेना.

उस्तादांनी तो मग हातात घेतला नाही. त्यांची नजर ओल्या बाहीवर गेली. लडी तशीच सोडून त्यांनी हेरंबला दंडाला धरून अंगणातल्या नळाशी नेलं, सदरा काढायला लावला आणि त्याचा हात पाण्याखाली धरला.

"दुखत नाहीये उस्ताद."

"अजून नाही."

पाणी बर्फासारखं होतं. हेरंबने विनवण्या केल्या. भट्टी पेटलेली आहे, रेशीम फिरवायला कुणी नाही, मी एकटा उभा राहतो, तुम्ही जा. म्हाताऱ्या उस्तादांनी पकड सैल केली नाही. त्यांचाही हात त्याच धारेखाली होता, बोटं निळी पडत चालली होती.

हळूहळू मनगट चुरचुरू लागलं. कातडीवर पांढरट चट्टा उमटला. मग हेरंबला रडू कोसळलं, आणि ते हाताच्या चुरचुरीमुळे नव्हतं.

"मी लपवणार होतो," तो म्हणाला.

 उस्तादांनी मोकळ्या हाताने खांद्यावरचा पंचा ओढून त्याचे डोळे पुसले...

वीसेक मिनिटं झाली असतील. उघड्या दारातून भट्टी दिसत होती. लडीचा एक भाग काळपट पडला होता, बाकीचा फिका, जागोजाग डाग.

"माझ्यामुळे वाया गेलं सगळं," हेरंब म्हणाला. "रंग चढलाच नाही."

"चढतोय," उस्ताद म्हणाले. "हात हलवू नकोस."