मान टाकलेली रोपं

“मग कुंडी कोणती घ्यायची, महाराज?”

शर्वरी धारपने हे तिसऱ्यांदा विचारलं.

महाराज म्हणजे केवलपुरी. ऐंशी उलटलेला गोसावी. दिवसभर कुणी ना कुणी काही विचारायला येई, आणि सांगून सांगून ते थकले होते. मठाच्या आतल्या दगडी खोलीत, एका झरोक्याखाली, त्यांची औषधी रोपं होती. अंगणात वानरं काही टिकू देत नसत, म्हणून गेली तीस वर्षं ते सगळं छपराखालीच वाढवत होते.

शर्वरी सहा तास गाडी चालवत आली होती. वनस्पतिशास्त्रात तिने डॉक्टरेट केली होती. एका संशोधन केंद्रात, सरकारी परवान्यावर, बंद खोलीत दिव्यांच्या उजेडात ती विजया वाढवत होती. विजया म्हणजे भांगेचं झाड. त्याच्या तेलाने असाध्य आजारातलं दुखणं हलकं होतं का, हे केंद्राला पाहायचं होतं. बारा रुग्णांची नावं ठरली होती.

तेल मात्र नव्हतं. पहिली खेप मुळांपासून कुजून गेली. दुसऱ्या खेपेच्या चाळीस रोपांनीही आता माना टाकल्या होत्या.

तिने गाडीतून सगळे नमुने आणून फरशीवर मांडले होते. मातीची कुंडी, प्लॅस्टिकची, कापडी पिशवी. कुंडीखाली ठेवायचे तीन प्रकारचे स्टँड. पाच ताटल्या, उथळ आणि खोल. प्रत्येकाचे गुणदोष तिला पाठ होते, आणि ते तिने सांगूनही टाकले होते.

महाराजांनी त्यातल्या एकाही वस्तूला हात लावला नाही.

त्यांनी एवढंच विचारलं की आता रोपांखाली काय आहे. खोल ताटल्या, ती म्हणाली. वरून घातलेलं पाणी निथळून त्यात साठतं, थेंबही वाया जात नाही, रोपाला लागेल तसं ते खालून पिऊन घेतं. रोज सकाळी आणि दुपारी दोनला ती स्वतः पाणी घालते. माना पडल्यापासून रात्रीचंही घालू लागली आहे.

“तुम्ही नसता तेव्हा कोण घालतं?”

“मी असतेच.”

चार महिन्यांत तिने एकही सुट्टी घेतली नव्हती. हाताखाली विमल घोलप नावाची बाई होती, शेतकी शाळेत शिकलेली, कामाला चोख. पण शर्वरी तिला कुंड्यांना हात लावू देत नसे.

महाराज उठले. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेत. कोपऱ्यातल्या दोन कुंड्यांकडे त्यांनी बोट दाखवलं. दोन्हींत सब्जा होता, आणि दोन्हीकडची पानं मलूल होऊन खाली लोंबत होती.

दोन्ही चुका आपल्याच, असं त्यांनी सांगितलं. गुडघ्यामुळे आठवडाभर या कोपऱ्यापर्यंत येणंच झालं नाही.

“यातल्या कुणाला पाणी घालाल?”

शर्वरी वाकली. पानं उलटून पाहिली, बोटाने वरची माती चाचपली. दोन्हींची माती वरून सारखीच कोरडी होती. ओल मोजायचं यंत्र केंद्रात राहिलं होतं.

“दोघांनाही.”

“उचला.”

तिला समजलं नाही.

“कुंड्या उचला, बाई.”

पहिली एका हातात आली. सुकलेल्या शेणीसारखी हलकी. दुसरीला दोन्ही हात लावले तरी ती हलेना. जोर लावल्यावर ताटलीतून सुटल्याचा आवाज झाला आणि कुजका वास आला. छपराचं गळणारं पाणी थेट ताटलीत पडत होतं. ताटली काठोकाठ भरली होती, आणि तळातल्या भोकांतून बाहेर आलेली मुळं काळी पडली होती.

महाराज म्हणाले, “तहानलेलं मान टाकतं. बुडालेलंही मान टाकतं.”

शर्वरीने ती कुंडी ताटलीबाहेर, कोरड्या फरशीवर ठेवली.

…

मग त्यांनी सांगितलं ते थोडंच होतं, आणि तेही कंटाळल्यासारखं. कुंडी तुम्हाला परवडेल ती घ्या. मातीची श्वास घेते पण जड आणि फुटणारी. कापडी लवकर सुकते. प्लॅस्टिकची सुकत नाही. भोकं मोकळी असू द्या. कुंडी दोन बोटं उंच ठेवा, स्टँडवर नाहीतर विटेच्या तुकड्यांवर, म्हणजे खालून वारा जाईल. ताटली फरशी ओली होऊ नये म्हणून असते, तिच्यात पाणी साठवू नका. आणि घालण्याआधी प्रत्येक कुंडी उचलून पाहा.

एवढ्यासाठी सहा तास आले, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. दोनला दहा कमी होते. दुपारचं पाणी आजच्या दिवसापुरतं तिने नाइलाजाने विमलवर सोपवलं होतं.

तिने विमलला फोन लावला. पाणी घालू नका, म्हणाली. आधी सगळ्या ताटल्या रिकाम्या करा आणि एकेक कुंडी उचला.

विमल म्हणाली की ताटल्या तिने सकाळीच रिकाम्या केल्या आहेत. बाई रागावतील म्हणून सांगितलं नव्हतं. पहिली खेप गेली तेव्हापासून तिला हे बोलायचं होतं.

शर्वरीने फोन खाली ठेवला. खांबाला पाठ लावून ती फरशीवर बसली, आणि बसल्या जागी तिला झोप लागली. जाग आली तेव्हा झरोक्यातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. अंगावर कुणीतरी घोंगडी टाकली होती.

चाळीसपैकी सतरा रोपं गेली. तेवीस जगली. आता कुंड्या विमल उचलायची, आणि रविवारी शर्वरी घरी राहायची. तेवीस रोपांचं तेल निघालं, तपासणीतून पास झालं, रुग्णांपर्यंत पोचलं. काहींना झोप लागू लागली.

पाच महिन्यांनी ती पुन्हा मठात आली. या वेळी हात रिकामे होते.

तिने तेवीस रोपांचं सांगितलं. महाराजांनी मान हलवली. ती उठेना.

मग तिने सांगितलं की रुग्ण बारा नव्हते, अकराच उरले होते. तावडे मास्तर तेल तयार व्हायच्या वीस दिवस आधी गेले. शेवटपर्यंत फार दुखत होतं. पहिली खेप कुजली नसती तर त्यांना मिळालं असतं. विमलचं ऐकलं असतं तर मिळालं असतं.

“काम सोडावं म्हणते,” ती म्हणाली. “रात्री त्यांचाच चेहरा येतो. रडूसुद्धा येत नाही.”

…

महाराजांनी डोळे मिटले होते. झोपले असावेत असं तिला वाटलं.

“मास्तर शिकवत काय होते?”

मास्तरांचं वजन शर्वरीला माहीत होतं. आजार कितव्या टप्प्यावर आहे ते माहीत होतं. दुखणं दहापैकी नऊ, हेही तिने स्वतःच लिहून घेतलं होतं.

“ठाऊक नाही,” ती म्हणाली.

“घरी कोण आहे त्यांच्या?”

“बायको.”

महाराजांनी डोळे उघडले. ते फार थकलेले दिसत होते.

“तिला विचारून या. रडू त्यानंतर येईल.”