आल्या वाटेने

फार वर्षांपूर्वी एका आकृतीवहीच्या कोऱ्या पानावर एक मेणबत्ती राहत होती. तिच्यासमोर अंतर्वक्र आरसा होता. आपली प्रतिमा एकदा तरी बघावी, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून तिने ज्योतीच्या टोकावरून दोन किरण आरशाकडे धाडले.

पहिला किरण अक्षाला समांतर धावला, आरशावर ऐटीत वळला आणि नाभीतून पार पुढे निघून गेला. दुसरा वक्रता केंद्रातून गेला, आरशाला सरळ भिडला आणि आल्या वाटेनेच मागे वळला.

"काय रे, गेलास कशाला आणि आलास कशाला?" पहिला हसला. "मी बघ, कुठच्या कुठे पोचलो!"

दुसऱ्याची मान खाली गेली. रिकाम्या हाताने मेणबत्तीपुढे जायचं कसं? तो आरशापाशीच घुटमळला.

"पोचलास खरा," मेणबत्ती पहिल्याला म्हणाली, "पण माझी प्रतिमा कुठाय?"

पहिला गडबडला. त्याच्या लांबलचक रेषेवर बिंदूच बिंदू होते. त्यातला नेमका कुठला, हे त्याला सांगता येईना.

"बाळा, तू ये," मेणबत्तीने दुसऱ्याला हाक मारली. "लाजू नकोस. तुझ्याच वाटेने सरळ ये."

तो संकोचत निघाला. वाटेत त्याने पहिल्याची रेषा ओलांडली, आणि नेमक्या त्या बिंदूवर ज्योत उमटली!

"अगबाई, उलटी! आणि केवढीशी!" मेणबत्तीच्या गालावरून मेणाचा थेंब ओघळला. "असू दे. आहे तर मीच. तुझे उपकार कसे फेडू रे?"

पहिला हळूच म्हणाला, "गड्या, तू परतला नसतास, तर मी अजून धावतच असतो."