बियाणं कुणाच्या मुठीत?

फार पूर्वी, राजे स्वतः गाडीत बसून गावोगाव हिंडत तेव्हाची गोष्ट. एका राजाला प्रश्न पडायची खोडच होती. आभाळ निळं का, इथपासून सुरुवात.

एकदा त्यानं प्रधानाला विचारलं, "दरसाल माझ्या कोठारातून शेतकऱ्यांना फुकट बियाणं जातं. तरी निम्मी रानं पडीक का?"

"यादी चोख आहे, महाराज."

"यादी चोख, मग रान ओसाड कसं? चल, बघू."

दोघं एका गावात पोचले, तेव्हा चावडीपुढं पोती उतरत होती. कारकून यादी वाचायला लागला. पहिलं नाव इनामदाराचं. मग त्याच्या दोन पोरांचं, परगावच्या व्याह्याचं, आणि पाळण्यातल्या नातवाचंसुद्धा! दात आले नव्हते, पण शेतकरी झाला होता. जमीन सगळी ह्यांच्या नावावर. कसणारे दुसरेच. बियाणं जायचं इनामदाराच्या घोड्यांना, नाहीतर बाजारात.

धुरपदा गावातल्या कसणाऱ्या बायांबरोबर रिकामं पोतं घेऊन मागं उभी होती. इनामदाराचं एक वावर ती अर्ध्या वाट्यानं कसायची. घरचं बियाणं उंदरांनी फस्त केलेलं. चार दिवसांत पेरलं नाही तर जमिनीतली ओल उडणार, आणि वर्षभर चूल थंड.

इनामदार हळूच जवळ आला. "धुरपदे, गप घरी जा. सांजच्याला परसातून एक पोतं ने. तोंड उघडलंस तर वावर काढून घेईन."

एक पोतं! तिला तेवढंच हवं होतं. रिकामं पोतं गुंडाळून ती घराकडं वळलीसुद्धा, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात राजानं विचारलं, "सगळ्या पेरणाऱ्यांना मिळालं ना?"

"नाही मिळालं!" धुरपदा ओरडली. "पेरते मी, ह्या बाया पेरतात. आणि पोती जातात त्या तान्ह्या लेकराला!"

"बाईचं डोकं फिरलंय, सरकार," इनामदार म्हणाला. "शेतकरी आम्हीच. कागद बघा."

"कागद बघितला," राजा म्हणाला. "आता पेरणी बघू. तिफण आणा."

बैल जुंपले. इनामदारानं चाड्यावर मूठ धरली. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी वाडगं. त्यात दाणे सोडायचे, ते नळ्यांतून मातीत जातात. ह्यानं मूठभर एकदम ओतलं. चाडं तुंबलं. सगळं तास, म्हणजे पेरणीची अख्खी ओळ, कोरडं गेलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"मला बघू दे," म्हणत राजानंही मूठ धरली. पुन्हा तुंबलं.

मग धुरपदा आली. तिच्या बोटांतून दाणा सरसर, सारखा पडत गेला.

"बाई, किती सोडायचं कसं कळतं?"

"बैलाच्या पावलावर सोडायचं, महाराज. बाकी बोटांना कळतं. तुमची बोटं अजून लहान हायत."

राजा खदाखदा हसला. म्हणाला, "आजपासून यादी चावडीत व्हायची नाही. पेरणीच्या दिवशी वावरात व्हायची. मूठ ज्याची, पोतं त्याचं."

इनामदार चिडला. "मग मी माझी वावरं सगळ्यांकडून काढून घेतो!"

"घे की. तुझीच आहेत. पेर मात्र तू."

इनामदारानं आपल्या हाताकडं बघितलं. एवढी रानं, आणि एक तास जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत तोच धुरपदाच्या दारात आला. "धुरपदाबाई, तुमचं वावर तुमच्याकडंच राहू द्या. बाकीच्या बायांनाही जरा सांगा."

"सांगते," धुरपदा म्हणाली. "पण वाटा कसा, ते आधी सगळ्यांसमोर बोला. परसात नाही."

आणि राजाकडून मिळालेलं पोतं डोक्यावर घेऊन ती पेरायला निघाली.

तात्पर्य इतकंच: मदत कुणाला पोचली ते यादी सांगत नाही, रान सांगतं, तिथं जाऊन बघा. आणि आपल्या हक्काचं कुणी चोरून देऊ लागलं, तर ते घेऊ नका, चारचौघांत मागा.