गप्प बसलेला भाट

फार पूर्वी वेत्रवती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व एका कुंभाराच्या कुळात जन्मले होते. नगराबाहेर ते मडकी घडवीत, आणि रोज चाक फिरवण्याआधी घटकाभर डोळे मिटून निश्चल बसत.

त्याच नगरीत मंजुघोष नावाचा राजभाट होता. वीस वर्षे तो राजाला सिंह, सूर्य आणि सागर म्हणत आला होता. ऐकून ऐकून राजालाही ते खरे वाटू लागले, आणि त्याने शेजारच्या राज्यावर स्वारी करायचे ठरवले.

"आठव्या दिवशी सैन्य निघेल," राजा म्हणाला. "तेव्हा नवे स्तोत्र हवे. जुनेच म्हटलेस तर नगराबाहेर काढीन."

मंजुघोषाला एकही नवा शब्द सुचेना. त्याच दिवशी तो कुंभाराकडे गेला. "बाबा, माझे शब्द संपले हो!"

"संपले नाहीत, शिळे झालेत," बोधिसत्त्व म्हणाले. "सात दिवस इथे गप्प बसा."

पहिला दिवस मंजुघोषाने आपले मौन सुरू झाल्याचे साऱ्यांना सांगण्यात घालवला. परटाला सांगितले, तेलिणीला सांगितले, कोणी उरले नाही तेव्हा कुंभाराच्या गाढवालाही सांगितले. दुसऱ्या दिवशी तो हातवारे करू लागला. बोधिसत्त्वांनी त्याच्या दोन्ही हातांत ओल्या मातीचे गोळे दिले, तेव्हा तेही थांबले.

तिसऱ्या दिवशी डोळे मिटताच त्याला आत कोणीतरी बोलताना ऐकू आले. तोही एक भाटच होता, आणि मंजुघोषाचीच स्तुती गात होता. ती त्याने दोन दिवस मोठ्या आवडीने ऐकली. पाचव्या दिवशी मात्र त्याला कंटाळा आला, आणि सहाव्या दिवशी आतला भाटच दमून गप्प झाला. मग उरला एक साधा माणूस, तो स्वतः. बोट कापले तरी त्याला भोवळ येई, आणि घरात बसून आपल्या स्तोत्रांनी तो दुसऱ्यांना रणात धाडी. त्याला पाहून मंजुघोषाला आधी लाज वाटली, मग कीव आली.

आठव्या दिवशी सैन्य सजले. राजा हत्तीवर बसला. "हं, म्हण!"

मंजुघोष हत्तीसमोर उभा राहिला. "महाराज, मी भित्रा आहे," तो म्हणाला.

सैन्यात हशा पिकला.

"आणि सिंह मी कधी पाहिलेलाच नाही. आपल्याला सिंह म्हटले ते अंदाजाने."

हशा एकदम थांबला. राजा लालबुंद झाला. "हे तुला कोणी शिकवले?"

"कोणी नाही, महाराज. गप्प बसलो, तेव्हा दिसले."

राजाने हत्तीवरून खाली जमिनीकडे पाहिले. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "मंजुघोषा, या हत्तीवर बसले की मला चक्कर येते रे. उतरव मला."

स्वारी रद्द झाली. सैनिक हसत घरी गेले. मंजुघोषाने राजाला कुंभाराकडे नेले, आणि राजाने बोधिसत्त्वांना सोने देऊ केले. ते म्हणाले, "सोने राहू द्या, महाराज. घटकाभर इथे बसा." राजा बसला, आणि बसल्या बसल्या घोरू लागला. बोधिसत्त्वांनी त्याला उठवले नाही.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, त्या जन्मीचा भाट म्हणजे मौनाच्या दिवशीही कुजबुजणारा आपला भिक्खू सुघोष. राजा म्हणजे उपासक धनिल, आणि तो कुंभार मी होतो. शांत बसून जो स्वतःला जसा आहे तसा पाहतो आणि तसाच सांगतो, त्याच्या त्या गुणाला सत्यपारमिता म्हणतात."